फ्लॅट भाड्याने देताय? या चुका टाळा

"अकरा महिन्यांचाच तर करार आहे, रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, पुण्याजवळच्या वाकडमधल्या माझ्या फ्लॅटची गोष्ट सांगतो.

तिथला वन बीएचके पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा ब्रोकरने पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून आणली. भाडं १८ हजार, डिपॉझिट ५० हजार. भाडेकरू म्हणाला, निम्मं खात्यात, निम्मं रोख देतो. म्हटलं, दे बाबा. मुदत संपली तेव्हा "काका, मुलांच्या परीक्षा होऊ द्या". परीक्षा झाल्या, गणपती गेले, दिवाळी झाली, तरी गडी हलेना. शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद उलटून शिक्का पाहिला आणि तो चहाच्या कपाखाली सरकवला. "याचा एवढाच उपयोग."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी मेख पुढेच आहे: असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. आमचा म्हणाला, भाडं नऊ हजारच ठरलं होतं. खात्यात दर महिन्याला तेवढेच आलेले, मी काय बोलणार?

नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरूचे हक्क न देता, ठरावीक मुदतीसाठी घर नुसतं वापरायला देण्याचा) असता, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता आली असती. नोटरीच्या कागदावर वकील तिकडे जायला तयार नव्हते. शेवटी डिपॉझिट पूर्ण परत केलं, वर टेम्पोचे म्हणून ३० हजार हातावर ठेवले, तेव्हा किल्ली मिळाली. मी वाचवलं काय होतं? स्टँप ड्युटी पाव टक्का, म्हणजे त्या करारावर पाचशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी हजार. हल्ली एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. तरी लोकांना "अर्जंट" असतं. ज्याला चार दिवस थांबायला जमत नाही, त्याला मी किल्ली देत नाही. ही माझी सवय, नियम नव्हे.

दुसरी चूक नव्या गुंतवणूकदारांची लाडकी: "भाड्यातून हप्ता सुटेल." माझा भाचा ८० लाखांचा फ्लॅट घ्यायला निघाला होता, कर्ज ६० लाख. साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर हप्ता ५२ हजार. त्या सोसायटीत भाडं मिळतं २४ हजार. उरलेले २८ हजार कोण भरणार, मामा? शिवाय ते २४ हजारही हाती येत नाहीत. मेंटेनन्स तीन हजार, दोन भाडेकरूंच्या मध्ये घर एखादा महिना रिकामं, ब्रोकर, रंग. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा शुल्क, लावते (तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागितला तर भांडा). पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के करसवलतही जाते. भाच्याला म्हटलं, वर्षाला बारा नाही, दहा भाडी धर आणि मग हिशोब कर. तो रुसला, पण फ्लॅट घेतला नाही.

बाकीच्या झटपट.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. दहा मिनिटांचं काम, कंटाळा करू नका.

भाडं रोखीत घेऊ नका. का ते वर आलंच आहे.

वीजमीटर तुमच्या नावावर असतो, थकबाकीही तुमच्याच नावावर चढते. मी दर महिन्याच्या पाच तारखेला ग्राहक क्रमांक टाकून बिल स्वतः बघतो.

किल्ली देताना मी मोबाइलवर व्हिडिओ काढतो: प्रत्येक नळ सोडून, फ्लश ओढून, कपाटाची दारं उघडून, शेवटी मीटरचा आकडा. भाडेकरूला सोबत चालवतो आणि तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सॲप करतो. एकदा सिंकखालची ओल कोणाची यावर तीन आठवडे वाद चालला होता. व्हिडिओ लावला, ओल आधीचीच निघाली, म्हणजे माझी. प्लंबरचे पैसे मीच भरले.