स्प्रिंग-शॉकअप बदलायचेत? आधी गाडी भरून मोजा

पहिलं काम गॅरेजमधलं नाही, घरातलं आहे. शिलाई मशीनच्या खणातला टेप घ्या, सुताराचा मिळाला तर आणखी बरं. गाडी सपाट फरशीवर उभी करा आणि चाकाच्या बरोबर मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. चारही चाकांचं, मिलिमीटरमध्ये. जमिनीपासून मोजू नका, टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की तो आकडा फसवतो. लिहून झालं की गाडी भरा. म्हणजे खरोखर भरा: घरातली माणसं बसवा, गावाला जाताना डिकीत जे जे कोंबता ते सगळं कोंबा, सीएनजी असेल तर सिलिंडरही भरलेला असू द्या. आणि परत मोजा. हे दुसरं मोजमाप मी गेल्या वेळी घेतलं नाही, आणि पैसे मात्र दोनदा मोजले.

झालं असं की माझ्या एमएच १९, म्हणजे जळगाव पासिंगच्या हॅचबॅकला मी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. रिकामी गाडी काय दिसायची! हायवेला रस्त्याला चिकटून पळायची. आठवडाभर मीच माझ्यावर खूश. मग थंडीत भरीत पार्टी ठरली म्हणून बामणोदला वांगी आणायला गेलो. येताना मागे आई, बायको आणि मुलगा, पुढे आप्पा, डिकीत सिलिंडर आणि उरलेल्या जागेत वांग्यांची दोन पोती. भुसावळच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागून असा दणका बसला की आप्पांची टोपी पुढे काचेवर. पुढच्या तीन गतिरोधकांवर तेच. घरी येईपर्यंत मागच्या एका शॉकअपमधून तेल गळत होतं आणि वरचं रबर फाटलं होतं. गल्लीतल्या मित्राने नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “गाडी बठी गयी रे भो.” आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र भुसावळहून पॅसेंजर किती वाजता असते, एवढंच त्यांनी विचारलं.

चूक कुठे झाली ते आकड्यांत सांगतो, म्हणजे डोक्यात बसेल. माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगांवर, माणसं नसताना, मागचा शॉकअप बंप स्टॉपरला (शॉकअप पुरता दाबला जाऊ नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) टेकायला साधारण ६० मिलिमीटर जागा होती. नव्या स्प्रिंगांनी त्यातली ३५ आधीच खाल्ली. उरली २५. आता भरलेली गाडी. जुन्या स्प्रिंगांवर ती मागे ४४ मिलिमीटर बसायची. नव्या पाव पटीने कडक होत्या, म्हणजे ३५ बसणार. जागा २५ आणि बसणार ३५! म्हणजे गाडी उभी असतानाच स्टॉपरवर दाबून बसलेली, स्प्रिंगला खाली जायला वावच नाही. खड्डा आला की तो थेट बॉडीला आणि आपल्या मणक्याला. हे गणित चौथीतलं पोरगं करेल, पण त्यासाठी भरलेल्या गाडीचा आकडा हाताशी लागतो. माझ्याकडे फक्त रिकाम्या गाडीचा होता. दुकानदारानेही रिकामीच गाडी पाहिली आणि “मस्त बसेल” म्हणाला. बसली की!

सिलिंडरबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या गाडीत तो असतो आणि कोणाला त्याची आठवण नसते. ६० लिटरचा लोखंडी सिलिंडर गॅससकट सत्तर किलोच्या आसपास जातो, स्टँड वेगळा. म्हणजे एक धडधाकट माणूस कायम डिकीत, मागच्या एक्सलच्याही मागे बसलेला. तो कधी उतरत नाही म्हणून त्याला आपण माणसात धरत नाही. सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी टेस्ट जवळ आली असेल तर तो काढलेला असताना एक मोजमाप घ्या. मूळ उंची कळते आणि स्प्रिंगा किती दमल्यात तेही कळतं. तीन आकडे झाले: सिलिंडरशिवाय, रिकामी, भरलेली. तिन्ही नसतील तर निदान भरलेली. एकच घेणार असाल तर भरलेलीच.

स्टॉपरपर्यंत किती जागा उरते हे पाहायचा साधा उपाय आहे. शॉकअपच्या चकचकीत रॉडवर, डस्ट कव्हर वर सरकवून, वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट अडकवायची आणि खाली शॉकअपच्या नळीला टेकवून ठेवायची. भरलेल्या गाडीने नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारायची. पट्टी जिथे सरकून थांबली तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला. पट्टी स्टॉपरपाशी चेपलेली सापडली तर गाडीची उंची कमी करायचा विचार तिथेच सोडा.

आता रस्ते. तुमची गाडी महिन्यात कुठे कुठे जाते ते प्रामाणिकपणे आठवा. यूट्यूबवर दिसणारा रस्ता आपला नाही. धुळे-जळगाव हायवेवर कडक सस्पेन्शन छान वाटेल, कन्नड घाटाच्या वळणांवर तर फारच छान. पण तीच गाडी केळीच्या बागेपर्यंत जाते ना? काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे गावागावात जे एका रात्रीत उगवतात त्यांना हे माप कोणी सांगितलेलं नसतं. रुंदी हातभर आणि उंची ठेकेदाराच्या मर्जीवर. त्यामुळे माझं मत सरळ आहे: घरच्या एकुलत्या एका गाडीला खाली करू नका. खाली करून शोभा वाढते, पण ती शोभा रस्त्याकडेला उभं राहून दुसरेच पाहतात.

खरेदीआधी जुनं तपासा. टायरमधली हवा, बस्स, एवढं बोललो तरी पुरे. मग चाकाला धरून ठेवणारे सांधे: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या (पुढची शॉकअप-स्प्रिंगची जोडी) वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. “सस्पेन्शन खराब झालंय” म्हणून येणाऱ्या निम्म्या गाड्यांचा खुळखुळा लिंक रॉडचा असतो, असं माझा मेकॅनिक म्हणतो, आणि तो मला काही विकत नाही म्हणून त्याच्यावर माझा विश्वास आहे. शॉकअपवर ओलं तेल, टायरवर खालीवर खालीवर झालेली झीज, एका उसळीनंतर गाडी दोन-तीनदा डुलणं, ही शॉकअप गेल्याची लक्षणं. अशा गाडीला नवे मूळ मापाचे शॉकअप टाकले की लोकांना वाटतं केवढं अपग्रेड झालं. तेवढ्यावर समाधान होत असेल तर पुढचं वाचू नका, पैसे वाचले.

पुढे वाचताय म्हणजे काहीतरी घ्यायचंच आहे. मग निदान क्रम समजून घ्या. स्प्रिंग वजन पेलते आणि उंची ठरवते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगच्या उसळीला लगाम घालतो. कडक स्प्रिंग दाबली की जास्त जोराने परत उसळते आणि जुन्या मऊ शॉकअपला ती आवरत नाही. गाडी सारंगखेड्याच्या बाजारातल्या नव्या घोड्यासारखी होते, दिसायला देखणी आणि बसणाऱ्याचे हाल. म्हणून नुसत्या स्प्रिंगा घेऊ नका. घेतल्याच तर त्या कडकपणाला जुळणारे शॉकअप आणि कमी उंचीचे बंप स्टॉपर सोबत हवेत. उलटं मात्र चालतं: मूळ स्प्रिंगा ठेवून चांगले शॉकअप टाकणं हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी सगळ्यात शहाणा सौदा आहे.

शॉकअपमध्ये दोन घराणी. ट्विन ट्यूब स्वस्त, मऊ, आपल्या बहुतेक गाड्यांत कंपनीतून तोच येतो. गॅब्रिएल १९६१ पासून भारतात शॉकअप बनवते आणि कित्येक गाड्यांत मूळचाच तिचा असतो. तेव्हा “लोकल” म्हणून नाक मुरडू नका. मोनोट्यूबमध्ये तेल आणि जास्त दाबाचा वायू वेगवेगळे राहतात, तापला तरी तो लवकर ढिला पडत नाही. पण महाग, आणि संथ वेगात बारीक खडबड जास्त कळते. बिलस्टाइन, कोनी असली बाहेरची नावं मागवताना एक पाहा: त्याच नावाची युरोपातली गाडी आणि आपल्याकडची गाडी उंचीला आणि स्प्रिंगला वेगळी असू शकते. नाव जुळलं म्हणून पार्ट जुळतोच असं नाही.

उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर? आपल्या धुळीत आणि चिखलात त्यांच्या चुड्या (आटे) जाम होतात. दर पावसाळ्यानंतर साफ करून हलवत राहायची तयारी असेल तरच. स्प्रिंग कापणं? नाही. कारण विचारू नका. बरं, एकदाच सांगतो: कापलेली स्प्रिंग कडक होते आणि आखूडही, त्यामुळे चाक हवेत लोंबलं की ती बैठकीतून सुटू शकते. वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर मात्र लोक सर्रास टाकतात आणि सिलिंडरवाल्यांना ते फार भुरळ घालतात. मागची बाजू उचलली जाते खरी, पण ज्या वेटोळ्यात बफर बसतो ते जवळजवळ काम सोडतं आणि बाकीच्यांवर ताण येतो. त्यापेक्षा काउंटरवर विचारा की तुमच्याच मॉडेलची कंपनीची सीएनजी आवृत्ती आहे का आणि तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा आहे का. काही मॉडेलांत असतो. मी आगीतून फुफाट्यात जाऊन शेवटी हेच केलं. पण यावेळी नंबर सांगण्याआधी गाडी भरून मोजली होती. आप्पांना सकाळी साडेसहाला उठवून पुढच्या सीटवर बसवलं, चहासकट.

कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं आहे. त्याच मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. उंचीत ठळक फरक पाडणार असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर हातच लावू नका.

सामान घेताना सोबत माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, डस्ट कव्हर नवे घ्या, जोडीनेच. मजुरी एकदाच द्यायची असेल तर हे सगळं एकदम. डस्ट कव्हरवर पैसे वाचवू नका, फाटलं की रॉडवर धूळ बसते आणि सील जातं. बिल पक्कं. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला भरलेल्या गाडीचा आकडा सांगा. “भरलेली?” म्हणून त्याने तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान बघा.

बसवायच्या दिवशी तिथे उभे राहा, चहाला जाऊ नका. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तिथे नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, चार वेळा दाबून हलवायची, मग आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. घाईतला मेकॅनिक म्हणेल “काही होत नाही”. होतं. एकदा वापरलेले लॉक नट परत लावू देऊ नका. पॉवर रेंचने शॉकअपचा रॉड गरगर फिरवू देऊ नका, आतलं सील बिघडतं.

नंतर: अलाइनमेंट त्याच दिवशी. उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो (चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतोच. मागे बीम असेल तर तिथे सहसा सेटिंग नसतं, फक्त रीडिंग घ्या. हेडलाइटचा झोत तपासा, भिंतीसमोर, भरून. पहिले दोन दिवस खडखड ऐका, एसी-रेडिओ बंद. पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून बोल्ट परत, अलाइनमेंट परत, टेप परत. रिकामी मोजलीत? आता आप्पांना बोलवा.