दोन बदामी शेड्समधून एक कशी निवडावी

शेडकार्डावर दोन पिवळसर बदामी शेड्स जवळजवळ सारख्याच वाटतात. चारही भिंतींवर लागल्या की एक लोण्यासारखी उबदार राहते, दुसरी मातकट हिरवी दिसू लागते. हा फरक रंगारी बोलावण्याआधीच ओळखता येतो.

आधी दोन्ही शेड्स कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. एकीत गुलाबी-केशरी झाक दिसेल, दुसरीत हिरवट-करडी. दिसत नसेल तर कार्डावर त्याच रांगेतली सर्वांत गडद शेड पाहा, तिथे झाक लपत नाही. नंतर दोन्हींचा एलआरव्ही विचारा. हा ० ते १०० मधला आकडा शेड किती प्रकाश परत फेकते ते सांगतो. अंधाऱ्या खोलीला जास्त आकड्याची शेड घ्या.

आता लहान डबे आणून मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारा. कडेला पांढरी पट्टी सोडा आणि रात्रभर वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. थेट भिंतीवर पट्टे ओढू नका, शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. शीट भिंतीला उभी चिकटवा आणि जागा बदलत राहा.

खरी परीक्षा आपल्या नागपूरच्या उजेडात होते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारभर पडदे ओढून, कूलर लावून आपण अर्धवट अंधारातच बसतो. म्हणून शीट त्या वेळीही बघा, नुसत्या सकाळच्या उन्हात नको. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या उन्हाने केशरी झाकेची शेड भडक होते. उत्तरेकडच्या खोलीत प्रकाश निळसर असतो, तिथे हिरवट शेड मरगळते, केशरीच शोभते.

रात्रीचे दिवे विसरू नका. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली पिवळेपणा उतरतो, ३००० च्या पिवळसर दिव्याखाली तो वाढतो. खाली हिरवट कोटा फरशी असेल तर तिचीही झाक भिंतीवर चढते. सागवानी दारं असतील तर शीट त्यांना टेकवून पाहा.

तरीही ठरत नसेल तर माझा कौल कमी पिवळ्या शेडला. भिंतींचा रंग एकमेकींवर पडून खोलीत शेड कार्डापेक्षा गडदच वाटते.

शेवटी, लागेल तेवढा रंग एकदमच मशीनवर बनवून घ्या आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. वेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यात किंचित फरक पडू शकतो, आणि तो भिंतीच्या मधोमध उठून दिसतो.