पेट्रोव्ह खेळताय? सहाव्या चालीला हरवणाऱ्या या चुका टाळा

पेट्रोव्ह म्हणजे बुद्धिबळातली काळ्याची एक सुरुवात: ई४ ई५ नंतर दुसऱ्या चालीला घोडा एफ६. स्पर्धा स्वित्झर्लंडमधली बील, साल १९८८. पांढऱ्या मोहऱ्या कोलंबियाच्या अलोन्सो झापाटाकडे, काळ्या विश्वनाथन आनंदकडे. हो, त्याच वर्षी भारताचा पहिला ग्रँडमास्टर झालेल्या आनंदकडे.

(नुसतं घर लिहिलं की ती प्याद्याची चाल, × म्हणजे मारणं, ?? म्हणजे घोडचूक.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा × ई५ डी६ ४. घोडा एफ३ घोडा × ई४ ५. घोडा सी३ उंट एफ५?? ६. वजीर ई२. आनंदने डाव सोडला.

ई४ वरचा काळा घोडा आता हलूच शकत नाही, कारण मागे त्याच पट्टीत राजा उभा आहे. डी५ खेळून घोड्याला आधार दिला, तर डी३ प्यादं त्याला मारायला येतं. वजीर ई७ वर आणला, तर पांढरा घोडा डी५ वर येतो आणि वजिराला पळावं लागतं. तो ई६ वर गेला, की घोडा सी७ चं प्यादं मारून शह देतो आणि वजीरही उचलतो. कसंही खेळा, एक मोहरा जातोच.

आनंदने उंट एफ५ ही चाल हवेतून आणली नव्हती. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत इंग्लंडचा ग्रँडमास्टर माइल्सविरुद्ध अमेरिकेचा ग्रँडमास्टर ख्रिश्चनसनने ती खेळली होती आणि डाव बरोबरीत सुटला होता. माइल्सने वजीर ई२ खेळलंच नाही! छापून आलेला ग्रँडमास्टरांचा डाव म्हणजे तपासलेला डाव, हे गृहीत धरणं ही माझ्या मते खरी चूक, आणि आज मोबाइलवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) असताना तिला माफी नाही.

नवशिके त्याआधीच अडकतात. तिसऱ्या चालीला डी६ न खेळता लगेच ई४ चं प्यादं खातात. ४. वजीर ई२ आल्यावर घाबरून घोडा एफ६ वर मागे घेतात, मग ५. घोडा सी६ हा उघड शह (घोडा हटताच मागच्या वजिराचा राजाला शह), आणि वजीर गेला. ४. वजीर ई२ पर्यंत आलाच असाल, तर घोडा वाचवायच्या नादी लागू नका. वजीर ई७ खेळा. वजीर × ई४, मग डी६, डी४ अशा चालींनंतर नुकसान एका प्याद्यावर भागतं.

आनंदच्या डावातल्या पाचव्या चालीला मात्र सरळ घोडा × सी३ करा. ६. डी × सी३ नंतर उंट ई७ वर आला, की ई-पट्टी झाकली जाते आणि कॅसलिंगची वाटही मोकळी होते.