एडीएचडीची गोळी आणि सकाळची शाळा: आमच्याकडे काय जमलं

मुलगा आठ वर्षांचा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे, त्यासाठी मेथिलफेनिडेट या औषधाची दीर्घ परिणामाची गोळी चालू. शाळेत ठीक, पण सकाळी दात घासण्यापासून बूट घालण्यापर्यंत रोज रडारड. आदल्या दिवशीच्या गोळीचा परिणाम संध्याकाळीच संपतो, आणि नवी नाश्त्यानंतर दिली की लागू पडायला अर्धा ते एक तास. तोवर रिक्षा दारात.

भिंतीवरचा तक्ता, बक्षिसाचे स्टार, काहीच टिकलं नाही. आम्ही दोघंही पार थकलो होतो.

डॉक्टरांना विचारून क्रम बदलला. सहाला जागं करून, नीट बसवून पाण्याबरोबर गोळी. अख्खीच गिळायची, चावली किंवा कुटली तर औषध एकदम सुटतं. गिळल्याची खात्री करून पुन्हा आडवं होऊ द्यायचं. साडेसहाला उठवून सगळ्यात आधी खाणं, कारण गोळी चढली की भूक मरते. तूप-पोळी किंवा अंडं, वर दूध. पावणेसातला दात, आंघोळ, गणवेश. सूचना एका वेळी एकच. दप्तर आणि बूट रात्रीच दाराशी.

वजन उतरतंय किंवा रात्री झोप येत नाही असं दिसलं, तर वेळ किंवा मात्रा स्वतः बदलू नका, डॉक्टरांना कळवा.