ठिबकला ॲसिड देताना: कॅनपासून टाकीपर्यंतची काळजी

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण दिसला की शेतकरी जरा जपून वागतो. ॲसिडचा कॅन मात्र स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून बिनधास्त शेतावर येतो, मोटारीच्या खोलीत पडून राहतो आणि उघड्या हातांनी ओतला जातो. ठिबकच्या नळ्यांत साठलेले क्षार विरघळवायला सोडतात ते ॲसिड नळ्यांतून जाताना इतके पातळ असते की त्याची फारशी भीती बाळगायचे कारण नाही. धोका असतो तो त्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत, कॅन उघडल्यापासून टाकीत मिसळेपर्यंत. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच पाच-दहा मिनिटांबद्दल आहे.

आधी ठरवा, ॲसिड हवे आहे का?

ड्रिपरच्या, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडावर पांढरी, खरखरीत खपली असेल तर ती क्षारांची. तासगावची द्राक्षे असोत की सोलापूरचे डाळिंब, बोअरचे पाणी जड असेल तर ती धरणारच. खात्री करायची तर एक बुजलेला ड्रिपर काढून त्यावर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे आले तर चुन्याचे क्षार आहेत आणि ॲसिडचा उपयोग होईल. आतून हिरवट किंवा बुळबुळीत घाण निघत असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणू. त्याला क्लोरिन प्रक्रिया लागते, ॲसिडने पैसे वाया जातील.

कोणते घ्यावे

माझे मत स्पष्ट आहे: शेतावर हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा. बाजारात ते साधारण ३० ते ३३ टक्के तीव्रतेचे मिळते. झाकण उघडताच त्याची वाफ नाकाला झोंबते आणि माणूस आपोआप सावध होतो. ९८ टक्के सल्फ्युरिक याच्या उलट. तेलासारखे जाड, वास नाही, धूर नाही, त्यामुळे निरुपद्रवी वाटते. पण पाण्यात मिसळताना प्रचंड तापते आणि कातडीवर पडले तर खोल भाजते. एका डोसाला ते कमी लागते, म्हणून कोणी सुचवले तरी नको म्हणा. नायट्रिकची तपकिरी वाफ छातीत गेली तर सुरुवातीला काहीच वाटत नाही आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिडच्या किरकोळ विक्रीची नोंद ठेवावी लागते. दुकानदार ओळखपत्र आणि खरेदीचे कारण विचारेल, १८ वर्षांखालील मुलाला माल देणार नाही. न विचारता सुटे ॲसिड बाटलीत ओतून देणाऱ्याकडून घेऊ नका. कॅन मूळ, सीलबंद आणि लेबल असलेला हवा. लेबलवर १७८९ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असेल तर ते हायड्रोक्लोरिक. १८३० म्हणजे सल्फ्युरिक. हा क्रमांक लिहून ठेवा, अपघात झाला तर डॉक्टरांना आणि अग्निशमन दलाला तो सांगता येतो.

आणणे आणि ठेवणे

कॅन टेम्पोच्या हौद्यात उभा, दोरीने बांधून आणा. गाडीच्या आत माणसांसोबत नको. ठेवायची जागा सावलीची, हवेशीर, कुलपाची आणि जमिनीलगत असावी. डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर तर मुळीच नाही. मोटारीची खोली सोयीची वाटते, पण झाकणातून सुटणारी वाफ स्टार्टरचे पॉइंट आणि पत्रा गंजवते. खते, औषधे आणि विशेषतः ब्लिचिंग पावडर यांच्यापासून कॅन लांब ठेवा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत थोडेसे काढून ठेवण्याची सवय घरातल्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

तयारी

प्रक्रियेच्या दिवशी आधी पाण्याची सोय करा: कॅनपासून चार पावलांवर वाहती नळी किंवा निदान दोनशे लिटरचा भरलेला पिंप. मग कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चारही बाजूंनी बंद असलेला चष्मा, गमबूट आणि प्लॅस्टिकचा ॲप्रन घाला. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर सांडलेले ॲसिड थेट बुटात उतरते. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही; आम्लाच्या वाफेसाठीचा काडतूस असलेला मास्क मिळाला तर घ्या, नाहीतर उघड्यावर, वारा पाठीशी ठेवून काम करा. जोडीला दुसरे माणूस हवेच, एकट्याने हे काम करू नये.

मात्रा काढणे

दहा लिटर पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या. प्लॅस्टिकच्या सिरिंजने एकेक मिलिलिटर ॲसिड टाका, काठीने ढवळा आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे तो आकडा; जितका कमी तितके आम्ल जास्त) दाखवणारी पट्टी बुडवून पाहा. साधा लिटमस इथे कमी पडतो, कारण तो फक्त आम्ल आहे एवढेच सांगतो. सामू ३ ते ४ च्या दरम्यान आला की थांबा. संचाच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा, दाब नियंत्रित करणाऱ्या ड्रिपरच्या पडद्याबाबत तर नक्कीच.

समजा दहा लिटरला ९ मिलि लागले. तुमच्या एका व्हॉल्व्हवरून तासाला १८,००० लिटर पाणी जाते. ॲसिड १५ मिनिटे सोडायचे, म्हणजे ४,५०० लिटर पाणी. त्याला लागेल ४,०५० मिलि, म्हणजे चार लिटर आणि वर थोडे. शेजाऱ्याला किती लागले ते विचारू नका, त्याच्या विहिरीचे पाणी वेगळे असते.

मिसळणे

टाकी प्लॅस्टिकची. आधी त्यात सोळा लिटर पाणी भरा, मग कडेने, बारीक धारेने चार लिटर ॲसिड सोडा. नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पाणी वरून पडले तर, विशेषतः सल्फ्युरिकमध्ये, ते तिथल्या तिथे उकळते आणि ॲसिडसकट तोंडावर उडते. लोखंडी, पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची बादली नको. भांडे खाल्ले जाते आणि हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सुटतो. उन्हात राहिलेल्या कॅनमध्ये दाब साठलेला असतो, म्हणून झाकण तोंड बाजूला करून हळूहळू सैल करा. नळी तोंडाने ओढून ॲसिड काढणारे लोक अजून आहेत. हातपंप शे-दोनशे रुपयांत मिळतो.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. आधी क्लोरिन प्रक्रिया झालेल्या टाकीत किंवा व्हेंच्युरीच्या (टाकीतले द्रावण ओढून ठिबकच्या पाण्यात सोडणाऱ्या जोडणीच्या) नळीत ब्लिचिंगचे पाणी उरले असेल आणि त्यात ॲसिड पडले, तर क्लोरिन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत, मोटारीच्या खड्ड्यात साचून राहतो. वास आला की टाकी सोडून द्या आणि वाऱ्याच्या उलट दिशेने, उंच जागेकडे जा. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करा आणि मधे संच साध्या पाण्याने भरपूर धुवा.

सोडणे

ॲसिड धातूच्या सँड फिल्टरच्या (पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाकीच्या) पुढे, व्हेंच्युरीतून जाऊ द्या. पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे ना, हे आधी तपासा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मोटार बंद पडली की पाणी उलटे फिरते आणि टाकीतले ॲसिड विहिरीत उतरू शकते. त्याच लाइनवर घराच्या पाण्याचा नळ असेल तर तो आधी बंद करा. वीज गेली की पहिला हात व्हेंच्युरीच्या व्हॉल्व्हवर.

शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू खाली आला की ॲसिड तिथवर पोहोचले. पंधरा मिनिटांनी सगळे बंद करून साधारण २४ तास तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी मेन (मुख्य पाइप), मग सबमेन (तिचे फाटे) आणि शेवटी लॅटरलची (ड्रिपर असलेल्या नळ्यांची) टोके उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. शेतात गुरे किंवा मजूर असतील तर त्यांना त्या पाण्यापासून दूर ठेवा.

काही सांडले, उडाले तर

जमिनीवर सांडले तर माती किंवा वाळूचा बांध घालून अडवा आणि वर खाण्याचा सोडा पसरा. ओहोळात जाऊ देऊ नका. कळीचा चुना टाकू नका, तो स्वतःच तापतो. भुसाही नको, नायट्रिक असेल तर तो पेटू शकतो.

अंगावर उडाले तर फक्त पाणी, किमान २० मिनिटे. सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट यांतले काहीही नाही. भिजलेले कपडे लगेच काढा, सदरा डोक्यावरून ओढण्यापेक्षा कापून काढा. डोळ्यात गेले तर पापण्या बोटांनी उघडून धरा आणि तितकाच वेळ पाण्याची मंद धार सोडा. माणूस वेदनेने डोळा मिटणारच, म्हणून हे काम दुसऱ्याने करायचे. पोटात गेले तर उलटी करवू नका. वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड धुवा आणि १०८ ला फोन करा. वाफ छातीत गेली असेल तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात दाखवा.

नंतर

रिकामा कॅन तीनदा धुवून तळाला भोके पाडा, नाहीतर आठवड्यात कोणीतरी त्यात पिण्याचे पाणी भरते. धुवणाचे पाणी टाकीतल्या मिश्रणातच जाऊ द्या.

प्रक्रियेआधी पाच-सहा ड्रिपरखाली भांडी ठेवून ठरावीक वेळात पडणारे पाणी मोजा आणि नंतर त्याच ड्रिपरचे पुन्हा मोजा. फरक दिसला नाही तर दुसऱ्या खेपेला दुप्पट ॲसिड ओतायचा मोह होतो. त्यापेक्षा तेवढे ड्रिपर बदला, ते स्वस्त पडते.