गेमर मंडळींमध्ये ख्रिस्ती काम करायचंय? आधी खेळायला बसा

तरुण संघाच्या बैठकीत ‘गेमर मुलांसाठी काहीतरी करू’ असा विषय निघाला की पुढची योजना ठरलेली असते. मोठा पडदा लावायचा, स्पर्धा ठेवायची आणि उपांत्य फेरी संपली की कुणीतरी पंधरा मिनिटं वचन सांगायचं. कृपा करून हे करू नका. मुलं ती पंधरा मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून काढतात, बक्षीस घेतात आणि जातात. आपल्याला का बोलावलं होतं हे त्यांना बरोबर कळतं. समोरच्याचा डाव ओळखणं हाच तर त्यांचा छंद.

मी तरुण संघाचं काम बघते आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं टेबलही चालवते. कल्पित जगातल्या पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायचा हा खेळ. मी त्यात गेम मास्टरच्या, म्हणजे गोष्ट सांगून डाव चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसते. पुढचं सगळं त्या खुर्चीतून सांगतेय.

पहिलं काम आमंत्रणाचं. त्यात दोन गोष्टी सरळ लिहा: हा कार्यक्रम मंडळीतले (चर्चमधले) लोक चालवतात, आणि इथे फक्त खेळ होणार आहे. मग खरोखर फक्त खेळच होऊ द्या. प्रार्थना करायची असेल तर चालवणाऱ्यांनी दार उघडण्याआधी करावी. खाऊ, बक्षीस, पुढच्या वेळची जागा, यातलं काहीही रविवारच्या उपासनेशी बांधू नका. एखादा वर्षभर खेळायला आला आणि उपासनेला एकदाही फिरकला नाही, तरी त्याची खुर्ची त्याचीच. हे पटत नसेल तर हे काम हाती घेऊच नका.

इतकं जपायचं कारण जुनं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणलं. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती लोकांनी त्यावर सैतानपूजेचा शिक्का मारला. मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग यांनी १९८३मध्ये या खेळाविरुद्ध संघटना उभी केली. १९८४मध्ये जॅक चिक यांची चित्रपुस्तिका आली. तिच्यात खेळता खेळता एक मुलगी थेट चेटकिणींच्या पंथात ओढली जाते. गेमर लोक त्या पुस्तिकेची आजही टर उडवतात. त्यामुळे टेबलावर कुणी हमखास म्हणणार, ‘तुम्ही लोक तर आम्हाला सैतानाचे म्हणता.’ तेव्हा बचाव करू नका. ‘हो, म्हटलं होतं, आणि चुकीचं होतं,’ एवढं बोला आणि फासे पुढे करा.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नका. पाळकसाहेबांना एका डावाला बसवा, त्यांना धनुर्धाऱ्याचं पात्र द्या. या सगळ्या कल्पनाविश्वावर ज्यांची सर्वात मोठी सावली आहे ते ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होते, हेही सांगून बघा. बैठकीतला ताण थोडा सैल होतो. आणि पूर्वी खरोखर तंत्रमंत्राच्या वाटेला गेलेला कुणी टेबलावर असेल, तर १ करिंथकरांस ८वा अध्याय उघडा: ज्याचं मन दुबळं आहे त्याच्यासाठी आपला हक्क सोडावा. त्या माणसासाठी जादूचा खेळ बाजूला ठेवा. खेळांना काही तोटा नाही.

खेळ निवडताना आधी माणसं मोजा. कटान छान आहे, पण मूळ खोका तीन-चार जणांचा. पाचवा आला की तो कडेला बसून बघत राहतो आणि परत येत नाही. अनोळखी लोकांच्या पहिल्या संध्याकाळी कोडनेम्स काढा. दोन गट पडतात, नियम पाच मिनिटांत सांगून होतात, उशिरा आलेल्यालाही गटात घेता येतं. पॅन्डेमिकमध्ये सगळे मिळून जिंकतात किंवा सगळे मिळून हरतात, म्हणून मंडळ्यांना तो फार आवडतो. पण त्यात एक जण सगळ्यांची चाल ठरवू लागतो, बाकीचे नुसत्या सोंगट्या हलवतात. मंडळीत पुढारपणाची सवय असलेले लोक इथे हटकून उघडे पडतात. तुम्हीही त्यातले असाल तर बोलणारे शेवटचे व्हा.

खरी ओळख मात्र भूमिकांच्या खेळात होते. चार किंवा पाच खेळाडू पुरे, आणि दर वेळी तेच. पहिल्या बैठकीत गोष्ट सुरूच करायची नाही. तिला सेशन झिरो म्हणतात: कोण काय खेळणार, कुठले विषय टेबलावर नकोत, हे ठरवायचं. मध्यभागी एक्स-कार्ड ठेवा. साधं कार्ड, त्यावर फुली. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी रूढ केलेली पद्धत आहे. कुणीही कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ‘का रे, काय झालं?’ हा प्रश्न प्रेमानेसुद्धा नको.

आमच्या टेबलावर एकदा एक गॉब्लिन जिवंत पकडला गेला. त्याने छावणीची वाट दाखवली होती, आणि ‘सोडा’ म्हणत होता. योद्धा खेळणारा म्हणाला, सोडला तर हा आपल्यावर टोळी घेऊन येईल. चोर खेळणारी मुलगी, जिने तोवर दिसेल ते लुटलं होतं, ती एकदम आडवी आली: शब्द दिलाय ना आपण? मग अर्धा तास फासे कुणी उचललेच नाहीत. दिलेला शब्द शत्रूलाही लागू होतो का, दया दाखवून फसलो तर कुणाचा दोष, सगळं निघालं. मी गप्प होते, आणि गप्प राहणं अवघड गेलं, कारण दयेवरची वचनं अगदी जिभेवर होती. शेवटी सोडला त्यांनी. आवराआवरी करताना योद्धेसाहेबांनी विचारलं, ‘ताई, तू असतीस तर?’ मी म्हटलं, ‘सोडला असता. माझीही सुटका माझ्या लायकीवर झालेली नाही, असं मी मानते. तुला काय वाटतं?’ मग तो बोलला, बराच वेळ, आणि मी ऐकलं.

साक्ष द्यायची ती अशी: विचारल्यावर, दोन वाक्यांत, आणि उलट प्रश्न विचारून. प्रेषितांची कृत्ये १७मध्ये पौल अथेन्सभर आधी हिंडतो, त्यांच्या वेद्या बघतो, आणि बोलतो तेव्हा त्यांच्याच कवींचा आधार घेतो. म्हणून त्यांच्या गोष्टी वाचा, त्यांचे गेम खेळा. नावं पाठ करून आव आणू नका, लगेच पकडले जाल.

ऑनलाइन भेटीगाठींना कमी लेखू नका. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या आजाराने २०१४मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. मुलगा एकाकी जगला असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या मित्रांची पत्रं येऊ लागली. काही जण दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले.

डिस्कॉर्डवर (गेमर लोकांच्या गप्पांचं ॲप) आपला सर्व्हर, म्हणजे गट, काढाल तर चॅनल मोजकी ठेवा: गप्पा, खेळ ठरवणं, एक व्हॉइस चॅनल. प्रार्थनेचं चॅनल वेगळं, आणि ज्याला हवं त्याने स्वतः रोल (सर्व्हरमधली सदस्याची खूण) घेतल्यावरच दिसणारं. डिस्कॉर्डला किमान वय १३ आहे. त्याखालच्यांना घेऊ नका. प्रौढांनी अल्पवयीनांशी खासगी संदेशांत बोलायचं नाही, आणि मॉडरेटर निदान दोन हवेत. रेड, म्हणजे गेममध्ये गटाने मिळून केलेली चढाई, चालू असताना कुणाला ‘जरा थांबव ना’ म्हणू नका. ऑनलाइन गेम थांबत नाही. तो उठला तर बाकीचे सगळे मरतात.

रात्री उशिरा व्हॉइस चॅनलवर दोघंच उरतात तेव्हा जड गोष्टी बाहेर येतात. जीव नकोसा झालाय असा सूर लागला तर थेट विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘प्रार्थना करते हं’ म्हणून विषय बंद करू नका. घरचं कोण जवळ आहे ते विचारा, हेल्पलाइनला फोन लावेपर्यंत लाइनवर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. अल्पवयीन असेल तर ही गोष्ट गुपित ठेवायचं वचन देऊ नका. लूट बॉक्समध्ये, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या गेममधल्या पेट्यांत, पैसे घालवणाराही भेटेल. बेल्जियमने २०१८मध्ये त्यातल्या काहींना जुगार ठरवलं, तेव्हा ‘खेळच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

गेमर लोकांच्या संमेलनांना जायचं तर रांगेत पत्रिका वाटू नका. कॉस्प्लेवाल्यांसाठी, म्हणजे पात्रांचा पोशाख करून येणाऱ्यांसाठी, दुरुस्तीचं टेबल मांडा: सुईदोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन, दोन खुर्च्या. फोटो हवा असेल तर आधी विचारा.

टेबल रुळलं की मास्टरची खुर्ची दुसऱ्याला द्या, शक्यतो मंडळीबाहेरच्याला. त्याच्या नियमांनी खेळा, आणि नियमांवरून त्याच्याशी वाद घालू नका.