हायलँड्समध्ये येताय? आधी इथलं रिकामेपण समजून घ्या

मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये राहते. इन्व्हर्नेस हे इथलं मुख्य शहर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "ताई, नोकरी लागलीय. इन्व्हर्नेसच्याही वर कुठंतरी आहे. थंडी किती असते हो?"

थंडीचा बाऊ करू नका. समुद्र जवळ असल्यामुळे किनाऱ्यालगत पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, फार खाली क्वचितच जातो. माणूस खचतो तो अंधारानं, नाहीतर वाऱ्यानं. आणि आपला माणूस खचतो तो माणसंच दिसत नाहीत म्हणून. मी मूळची वाईची. चौदा वर्षांपूर्वी हेल्म्सडेल या किनाऱ्यावरच्या गावाच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याबरोबर एकच जण उतरला, आणि बॅगा नीट लावेपर्यंत तोही दिसेनासा झाला. मंगळवारची दुपार होती. वाईत त्या वेळी गणपतीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते.

हायलँड कौन्सिलचा मुलूख साधारण २५,६०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठा. माणसं मात्र अडीच लाखांच्याही आत, आणि त्यातली बरीचशी इन्व्हर्नेस आणि आसपास. उरलेल्या मुलखात मैलोन्‌मैल हरणं, मेंढ्या आणि हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप.

हे बघून मी पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींना कौतुकानं म्हणाले, "किती छान, कुणाचा हात न लागलेला निसर्ग!" त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या, "रिकामा नाही गं. रिकामा केलेला."

नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते. घरभाडं, लायसन्स, गरम कपडे सगळं यथावकाश कळतं. हे कळलं नाही तर मात्र दहा वर्षं राहूनही तुम्ही इथे पर्यटकच राहता.

हेल्म्सडेलमधून आत जाणाऱ्या किल्डोनन खोऱ्यात एकदा सावकाश चालून या. गवतात बुडालेली दगडी जोती दिसतील. ही घरं होती. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत लढाई संपली, ब्रिटनची गादी परत मागणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा पक्ष कायमचा हरला, आणि त्याबरोबर इथली कुळांची जुनी व्यवस्था मोडली. कुळ म्हणजे क्लॅन. त्याचा नायक आधी भाऊबंदांतला वडीलधारा असायचा, तो हळूहळू नुसता जमीनदार झाला. मग दक्षिणेकडून चेव्हियट जातीच्या मेंढ्या आल्या. मेंढीपालक जो खंड देई तो गावकऱ्यांना कुठून परवडणार? १७९२ साली इथल्याच रॉस-शर परगण्यातल्या लोकांनी उठाव करून मेंढ्यांचे कळप हाकलायचा प्रयत्न केला. ते वर्ष अजून 'मेंढ्यांचं वर्ष' म्हणूनच ओळखलं जातं. पण उपयोग झाला नाही. १८१३ मध्ये किल्डोनन, १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हर, अशी एकेक खोरी उठवली गेली. छपरं पेटवून दिली, म्हणजे परत येऊन राहायलाच नको. काहींना किनाऱ्यावर आणून हेरिंग मासेमारीला जुंपलं. हेल्म्सडेलचं आजचं गाव त्यातूनच वसलं. काही जण जहाजानं कॅनडात रेड नदीकाठी गेले.

क्रॉइक नावाच्या एका आडबाजूच्या दरीत छोटं चर्च आहे. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्हीच्या हुसकावलेल्या कुटुंबांनी त्याच्या आवारात आडोसा केला होता. त्यांनी खिडकीच्या काचांवर बाहेरून कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात. गाडी असेल तर जरूर जा. मोठमोठ्या संग्रहालयांपेक्षा तिथे जास्त कळतं.

उलट बाजूही बघा. रेल्वेनं गोल्स्पीवरून जाताना डोंगराच्या माथ्यावर एक अवाढव्य पुतळा दिसतो. तो पहिल्या सदरलंड ड्यूकचा, ज्याच्या जमिनीवरून ही माणसं उठवली त्याचा. तो पाडावा की ठेवावा यावर अजून वाद होतात. तुम्हाला कुणी मत विचारलं तर पहिल्या वर्षी ऐकून घ्या, बोलू नका.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर इन्व्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्जला जा. कलोडननंतर या लोकांना धाकात ठेवायला बांधलेला हा किल्ला. पुढे याच मुलखातल्या पोरांच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्या कुठे लढल्या? २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आपल्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. तिथे ७८ वी हायलँडर्स पलटण होती, ती रॉस-शरमध्येच उभी राहिलेली. असईची खूण म्हणून तिला हत्तीचं चिन्ह मिळालं. मेंढ्यांसाठी ज्यांच्या मुलखातली घरं रिकामी होत होती, त्यांची पोरं आपल्या तोफांसमोर मरत होती. मला राग येतो की कीव, ते अजून ठरवता आलेलं नाही.

आता भूगोल. तो आपल्याला शिकवावा लागत नाही, नुसता आठवून द्यावा लागतो. पश्चिमेला कोकण, पूर्वेला देश, एवढं लक्षात ठेवा. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिते होतात. फोर्ट विल्यमकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इन्व्हर्नेसला त्याच्या निम्म्याहूनही कमी. महाबळेश्वर आणि वाई, दुसरं काय. म्हणून नोकरी कुठल्या बाजूला आहे ते आधी नकाशात बघा. पश्चिम देखणी आहे, पण तिथे कपडे वाळत नाहीत. मधोमध तिरपी चिरलेली मोठी दरी आहे. तिच्यात लॉख नेस आणि बाकीची तळी एका रांगेत बसली आहेत. ती कालव्यानं जोडून १८२२ साली समुद्र ते समुद्र जलमार्ग सुरू झाला. जाता जाता, 'लॉख' शब्दातला शेवटचा आवाज इंग्रजांना जमत नाही, ते 'लॉक' म्हणतात. आपल्याला तो सहज जमतो. तेवढ्यावरही लोक खूश होतात.

इथला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. हे वाचून दरवर्षी कुणीतरी सह्याद्रीतला वीर साध्या बुटांत वर निघतो. अहो, चढण जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, आपण आहोत मॉस्कोच्याही उत्तरेला, आणि माथ्यावर जूनमध्येही बर्फ असू शकतं. धुकं दहा मिनिटांत येतं. नकाशा, होकायंत्र आणि ते वापरता येणारं कुणीतरी सोबत असू द्या. अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. वाचवायला येणारे गावातलेच लोक असतात, स्वयंसेवक, एक पैसाही घेत नाहीत. म्हणूनच उगाच त्यांना अंथरुणातून उठवू नये. फिरण्याची मोकळीक मात्र भरपूर आहे. २००३ च्या कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही जवळपास कुठल्याही रानातून चालता येतं, तंबू टाकता येतो. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, आणि मेंढ्यांना पिल्लं होण्याच्या दिवसांत कुत्रा मोकळा सोडायचा नाही.

घर ही खरी अडचण. एवढी जमीन मोकळी असून भाड्यानं घर मिळत नाही, कारण बरीच घरं सुट्टीपुरती उघडणाऱ्यांची किंवा पर्यटकांना देण्याची. नोकरी देणाऱ्यालाच राहण्याचं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. मला तोंडी 'होईल सोय' म्हणाले होते आणि पहिले सात आठवडे मी एका खाणावळीच्या माळ्यावर काढले. स्कॉटलंडचा भाडेकायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. डिसेंबर २०१७ पासूनच्या खासगी भाडेकरारांना ठरावीक शेवट नसतो, अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती घरमालकानं स्वतःकडे न ठेवता मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. लंडनच्या मित्राचा सल्ला इथे चालत नाही.

घर बघताना खोल्या मोजण्याआधी ते कशानं तापतं ते विचारा. गावाकडे गॅसची पाइपलाइन नसते. मागच्या अंगणात रॉकेलची टाकी असते, नाहीतर विजेचे हीटर, नाहीतर लाकडाची शेगडी. टाकी ऑक्टोबर उजाडायच्या आत भरून घ्या. शेजाऱ्यांनी एकत्र मागणी नोंदवली तर भाव बरा पडतो, आणि ओळखीही तिथूनच सुरू होतात. ऑनलाइन खरेदीत पत्त्याचा कोड 'IV' या अक्षरांनी सुरू झाला की बरेच विक्रेते जादा पैसे लावतात, जणू आपण ब्रिटनबाहेर राहतो. डाळी-मसाले म्हणून मी इन्व्हर्नेसच्या फेरीत तीन महिन्यांचे एकदम भरते.

गाडी लागतेच. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पुढे इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. तारखा हिवाळ्यात मिळण्याची वाट पाहू नका, उन्हाळ्यातच द्या. दारू पिऊन चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, तेव्हा 'एकच घेतली' हे मनातही आणू नका. आणि एकपदरी रस्ते! एकाच गाडीपुरता रस्ता आणि मध्ये मध्ये बाजू देण्यासाठी फुगवटे. फुगवटा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर थांबायचं, तो समोरच्यासाठी. मागचा घाईत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं. तिथे गाडी उभी करून फोटो काढणारे लोक या भागातले सर्वांत नावडते प्राणी. बाजू दिली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. न उचलणाऱ्याची चर्चा संध्याकाळपर्यंत दुकानात पोहोचलेली असते. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, एक दिसलं की मागे दुसरं असतंच.

नावडत्या प्राण्यांवरून आठवलं, मिज. चिलटाहूनही बारीक चावरी माशी. मे ते सप्टेंबर, वारा पडलेला, हवा ओलसर, सकाळ-संध्याकाळ, की ढगासारखी अंगावर येते. वाऱ्यात मात्र तिला उडता येत नाही, म्हणून वाऱ्याला शिव्या देणं मी सोडून दिलं. त्याहून गंभीर गोचीड. गवतातून चालून आलात की गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघा. चिकटली असेल तर बारीक चिमट्यानं सरळ उपटा, आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ उठलं तर डॉक्टर गाठा. लाइम आजार वेळेत औषध दिलं तर बरा होतो.

डॉक्टरचं नाव आल्या आल्या नोंदवा. चिठ्ठीवरची औषधं स्कॉटलंडमध्ये २०११ पासून फुकट आहेत. अंतरांचा हिशोब मात्र आधीच करून ठेवा. ईशान्य टोकाच्या विक गावाकडच्या बहुतेक बाळंतिणींना शंभर मैलांवरच्या इन्व्हर्नेसला जावं लागतं. घरात गर्भवती असेल तर दिवस भरत आल्यावर राहायचं कुठे, ते आधी ठरवा.

डिसेंबरात सूर्य नवाच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड, तेव्हा जाड पडदे लागतात. हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत बाहेर पडून उजेड अंगावर घ्या, ढग असले तरी. आणि संध्याकाळी घरात बसू नका. गावच्या हॉलमध्ये 'केली' नावाची मैफल असते, म्हणजे वाजवणं, गाणं, हात धरून नाचणं. नाच येत नसला तरी कुणीतरी ओढून घेतं. मी पहिल्यांदा शंकरपाळे घेऊन गेले होते. आता त्याशिवाय गेले तर विचारणा होते.

भाषेबद्दल थोडं. इथली जुनी भाषा गॅलिक. उच्चार 'गॅलिक'च करा, 'गेलिक' म्हटलं की आयर्लंडची वाटते. १८७२ च्या शिक्षण कायद्यात तिला जागाच नव्हती, आणि शाळेत ती बोलली म्हणून मार खाल्लेल्यांच्या आठवणी घराघरात आहेत. आज ती थोडीबहुत येणारे स्कॉटलंडभर सुमारे १,३०,००० लोक आहेत. तिच्यातून शिकवणाऱ्या शाळा आहेत, आणि घरी ती न बोलणाऱ्यांची मुलंही तिथे घेतात. माझी लेक गेली. शाळेत गॅलिक, मैदानावर इंग्रजी, घरी मराठी. कुठेच गोंधळ झाला नाही, गोंधळ माझा झाला. चार शब्द तुम्हीही शिका, नकाशा बोलू लागतो: इन्व्हर म्हणजे नदीचं मुख, बेन डोंगर, स्ट्रॅथ रुंद खोरं, मोर मोठा, बेग लहान.

शेवटचं, 'इन्कमर' हा शब्द. बाहेरून आलेला. तो कानावर पडला तर मनाला लावून घेऊ नका. दक्षिणेतून येऊन घर विकत घेणाऱ्या इंग्रजालाही तोच लागतो, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा जास्त जोरात. 'कुठची तू?' असंही प्रत्येक जण विचारेल. लंडन-मँचेस्टरमध्ये या प्रश्नानं आपण दुखावतो. इथे तो आपल्या 'कुठल्या जाधवांपैकी?' सारखा असतो. एका खोऱ्यात अर्धे लोक मॅके आणि उरलेले सदरलंड, तेव्हा माणूस गावावरून, आजोबावरून, धंद्यावरून ओळखायची जुनी सवय. 'इंडिया' म्हणून सुटका करून घेऊ नका. गावाचं नाव सांगा, नदीचं सांगा, घरी काय पिकतं ते सांगा. मी वाई सांगितली, कृष्णा सांगितली, हळद सांगितली. आता टपाल कचेरीत माझं नाव 'हळदवाली' आहे, आणि त्याच आजींना दर दिवाळीला पावशेर द्यावी लागते, सूपमध्ये घालतात म्हणे.